सी++ क्लासला असेंब्ली जोडताना दिस पॉइंटर दाराबाहेरच ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे की फिल्टर नावाचा एक सी++ क्लास आहे, त्यात प्रोसेस नावाचं व्हर्च्युअल मेंबर फंक्शन, त्याला फ्लोटचा पॉइंटर आणि इंट काउंट मिळतो आणि ते ऑडिओ सॅम्पलवर एफआयआर फिल्टर (शेवटच्या काही सॅम्पलना ठरलेल्या आकड्यांनी, म्हणजे कोएफिशियंटनी, गुणून बेरीज) चालवतं. स्पीड हवा म्हणून हे अख्खं मेंबर फंक्शनच असेंब्लीत लिहिलं, लिनक्सवर मस्त चाललं, विंडोजवर आधी लिंकर म्हणाला असलं नावच नाही, मग नाव कसंबसं जुळवलं तर पहिल्याच कॉलला क्रॅश. तर मेंबर फंक्शन असेंब्लीत लिहायची बरोबर पद्धत कोणती, आणि एआरएमवर काय बदलतं?

बरोबर पद्धत म्हणजे ते असेंब्लीत लिहू नये. लिहिता येतं, तुम्ही लिहिलंयच, चाललंही, पण ते ज्या चार गोष्टींच्या भरवशावर चाललं त्यातली एकही तुमच्या हातात नाही. मेंबर फंक्शन सी++ मध्येच राहू द्या, तिथे दोन-तीन ओळींत आतले पॉइंटर आणि आकडे बाहेर काढा आणि ते एका साध्या एक्स्टर्न सी (म्हणजे सी सारखं साधं नाव असलेल्या) फंक्शनला द्या, ते फंक्शन मात्र खुशाल असेंब्लीत. क्लास नावाची काही भानगड असते हे असेंब्लीला कळताच कामा नये.

आधी तुमचं नेमकं काय फिसकटलं ते बघू. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग दोघेही इटानियम सी++ एबीआय, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडने एकमेकांशी कसं जुळायचं याचे नियम, पाळतात (इटानियम प्रोसेसर कधीच गेला, नियम मात्र सगळ्यांच्या गळ्यात राहिले). त्या नियमांप्रमाणे तुमच्या फंक्शनचं खरं नाव होतं _झेडएन६फिल्टर७प्रोसेसईपीएफआय. यातला ६ आणि ७ म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं, पीएफ म्हणजे फ्लोटचा पॉइंटर, शेवटचा आय म्हणजे इंट. उद्या कोणी शहाणपणाने इंटचं साइझ-टी केलं की लिनक्सवर शेवटचं अक्षर एम होणार आणि तुमचं असेंब्लीतलं लेबल अनाथ. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची तऱ्हाच वेगळी, त्याची नावं प्रश्नचिन्हापासून सुरू होतात. एक्स्टर्न सी लावून मेंबर फंक्शनची यातून सुटका होत नाही, मेंबरवर त्याचा काही परिणामच होत नाही. फ्री, म्हणजे क्लासबाहेरच्या फंक्शनवर होतो, म्हणून दार फ्री फंक्शनचं ठेवायचं.

क्रॅशचं कारण याहून सरळ. दिस पॉइंटर म्हणजे काही जादू नाही, तो ज्या ऑब्जेक्टवर फंक्शन चालतंय त्याचा पत्ता, लपवलेला पहिला आर्ग्युमेंट. इंटेल-एएमडीवर लिनक्सच्या ६४ बिट कॉलिंग कन्व्हेन्शनमध्ये (आर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरमधून द्यायचे याचा करार) पहिले सहा पूर्णांक किंवा पॉइंटर आर्ग्युमेंट आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या क्रमाने जातात, म्हणजे दिस आरडीआयमध्ये, बफर आरएसआयमध्ये, काउंट ईडीएक्समध्ये. विंडोजवर चारच रजिस्टर, आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९, म्हणजे दिस आरसीएक्समध्ये, बफर आरडीएक्समध्ये. तुमचा कोड विंडोजवर आरडीआयमध्ये दिस शोधत होता, तिथे कोणाचा तरी जुना कचरा होता, त्यातून मेंबर वाचायला गेलात आणि संपलं.

बरं, हे जुळवलं तरी पुढे खड्डे आहेतच. मेंबर फंक्शनने मोठा स्ट्रक्ट परत द्यायचा असेल तर तो कुठे लिहायचा याचा अजून एक लपलेला पॉइंटर येतो, आणि लिनक्सवर तो दिसच्या आधी बसतो, म्हणजे दिस सरकून आरएसआयमध्ये. विंडोजवर उलटं, दिस पहिला आणि रिटर्नचा पॉइंटर दुसरा. ३२ बिटच्या विंडोजमध्ये दिस ईसीएक्समधून यायचा आणि ३२ बिटच्या लिनक्सवर स्टॅकवरून.

यापेक्षाही मला खटकतात ते ऑफसेट, म्हणजे ऑब्जेक्टच्या सुरुवातीपासून मेंबर किती बाइटवर आहे ते आकडे. तुमच्या कोडमध्ये दिस अधिक ८ वर कोएफिशियंटचा पॉइंटर, अधिक १६ वर टॅपची (म्हणजे कोएफिशियंटची) संख्या, अधिक २० वर गेन (आवाजाचा गुणक) असे आकडे हाताने लिहिलेत. पहिले ८ बाइट व्हीटेबलच्या (व्हर्च्युअल फंक्शनच्या पत्त्यांचं टेबल) पॉइंटरचे, म्हणून ८ पासून सुरुवात, इथवर ठीक. पण बेस क्लासमध्ये कोणी एक मेंबर वाढवला की हे सगळे आकडे खोटे, आणि असेंब्ली तरीही बिनबोभाट असेंबल होणार, लिंक होणार, आणि गेन म्हणून भलतंच काहीतरी उचलणार. स्टँडर्ड लायब्ररीचा व्हेक्टर मेंबर असेल तर विचारूच नका, मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत ६४ बिटला तो रिलीजमध्ये २४ बाइटचा असतो आणि डीबग बिल्डमध्ये ३२ चा. म्हणजे एकच असेंब्ली फाइल रिलीजमध्ये बरोबर आणि डीबगमध्ये चूक, असा उलटा बग, आणि शोधायला आपण उघडतो डीबग बिल्डच.

असेंब्लीकडे वळायच्या आधी एक गोष्ट तपासा, कारण निम्म्या वेळा काम तिथेच होतं. तुमच्या मूळ सी++ लूपमध्ये आउटपुटला लिहिताना थेट मेंबर गेनने गुणलंय. गेन फ्लोट, आउटपुटही फ्लोट. कंपायलरच्या मनात शंका येते की आउटपुटचा पॉइंटर चुकून याच ऑब्जेक्टच्या गेनकडे बोट दाखवत असेल तर? मग तो बिचारा बऱ्याचदा दर फेरीला गेन मेमरीतून परत वाचतो आणि व्हेक्टरायझेशनही (एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकडे उरकणं) सोडून देतो. लूपच्या आधी गेन आणि कोएफिशियंटचा पॉइंटर लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, पॉइंटरना रिस्ट्रिक्ट (हे एकाच मेमरीकडे बोट दाखवत नाहीत असं वचन) लावा, आणि मग कंपायलर एक्स्प्लोरर या वेबसाइटवर टाकून निघालेली असेंब्ली वाचा. ऑब्जेक्ट ओरिएंटेड कोड स्लो असतो म्हणून जे रडगाणं चालतं त्यातलं बरंचसं या दिसमधून मेंबर वाचण्याचं असतं, क्लासचा त्यात काही दोष नाही. दुसरी अडचण म्हणजे एफआयआरची आतली बेरीज. फ्लोटच्या बेरजेचा क्रम बदलला की उत्तर किंचित बदलतं, म्हणून कंपायलर परवानगीशिवाय ती बेरीज चार किंवा आठ तुकड्यांत वाटत नाही, नुसतं ओ३ देऊन हलणार नाही. एकतर त्या फाइलपुरतं फास्ट मॅथ द्या किंवा लूप उलटा करून एकदम आठ आउटपुट काढा. एवढं करूनही कंपायलरचा कोड पटला नाही तर इन्ट्रिन्सिक्स (सी++ मधूनच ठरावीक इन्स्ट्रक्शन मागवणारी फंक्शन्स), आणि त्यानेही भागलं नाही तरच स्वतंत्र असेंब्ली फाइल.

इनलाइन असेंब्लीचं काय, असं कोणीतरी विचारणारच. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ६४ बिटला ती नाहीच, विषय संपला. जीसीसी-क्लँगमध्ये आहे, पण तिथे कुठलं रजिस्टर बिघडवलं, मेमरीला हात लावला का, हे सगळं तुम्ही कंपायलरला सांगायचं, आणि सांगायचं विसरलात तर तो तुमच्यावर विश्वास ठेवून पुढे जातो. सगळे इनपुट वाचून व्हायच्या आधी आउटपुटमध्ये लिहिलं आणि अर्ली क्लॉबरचं अँपरसँड लावलं नाही, तर इनपुट आणि आउटपुट एकाच रजिस्टरमध्ये येऊ शकतात. आज येत नाहीत, कंपायलर बदलला की येतात. एक-दोन इन्स्ट्रक्शनसाठी इनलाइन ठीक, अख्ख्या लूपसाठी मी वापरत नाही.

तर आता रचना. सी++ बाजूला प्रोसेस हे व्हर्च्युअल फंक्शन तसंच. त्याच्या आत एकच कॉल, समजा एफआयआर-एव्हीएक्स२ (एव्हीएक्स२ म्हणजे २५६ बिटच्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन) नावाच्या एक्स्टर्न सी फंक्शनला, आर्ग्युमेंट आउटपुट, इनपुट, कोएफिशियंट, टॅपची संख्या, सॅम्पलची संख्या, आणि गेन. मेमरी कोणाची, बफर कधी वाढवायचा, शेवटचे सॅम्पल पुढच्या ब्लॉकसाठी कुठे जपायचे, हा सगळा संसार क्लासचा. असेंब्लीने फक्त दळण दळायचं. आणि कॉल ब्लॉकमागे एक, सॅम्पलमागे एक नाही. असेंब्ली फंक्शन इनलाइन होत नाही, व्हर्च्युअल कॉलही सहसा होत नाही, त्यामुळे दर सॅम्पलला दोन्ही लावलेत तर कमावलेलं सगळं जाण्या-येण्यातच जाईल. ५१२ सॅम्पलमागे एक व्हर्च्युअल कॉल, मग त्याची किंमत शोधूनही सापडत नाही.

संख्यांचा टाइप साइझ-टी किंवा पीटीआरडिफ-टी ठेवा, इंट नको. यात लोक हमखास पडतात. इंट ३२ बिटचा, रजिस्टर ६४ बिटचं, आणि वरच्या ३२ बिटमध्ये काय असेल याची कन्व्हेन्शन काहीच हमी देत नाही. बहुतेक वेळा शून्य असतं कारण कंपायलरने नुकतंच ३२ बिटचं मूव्ह केलेलं असतं, म्हणून तुमच्या टेस्टमध्ये चालतं, आणि मग कधीतरी वेगळ्या ठिकाणाहून कॉल होतो, वरच्या बाजूला कचरा असतो आणि तुम्ही अख्खं आरडीएक्स इंडेक्स म्हणून वापरलेलं असतं. इंट ठेवायचाच असेल तर आत शिरल्या शिरल्या साइन एक्स्टेंड करून घ्या.

आता माझ्या स्वतःच्या चुका. एकदा असेंब्ली लूपमध्ये नॅन (आकडाच नसलेली फ्लोट किंमत) सापडला तर सी++ मधल्या लॉगिंग फंक्शनला कॉल करायचा असं ठेवलं होतं. असेंब्लीतून उलट सी++ ला कॉल, हीच मुळात वाईट सवय, पण तेव्हा सोयीचं वाटलं. रूटीनमध्ये एकच पुश होता, आरबीएक्सचा. नियम असा की कॉल इन्स्ट्रक्शनच्या क्षणी स्टॅक पॉइंटर १६ च्या पटीत हवा. आत शिरताना तो ८ ने सरकलेला असतो कारण कॉलने ८ बाइटचा रिटर्न अॅड्रेस ढकललेला असतो, माझा पुश अजून ८, झाले १६, जुळलं, आणि मला हा नियम माहीतच नव्हता तरी वर्षभर चाललं. मग दुसरा काउंटर हवा म्हणून आर१२ घेतलं आणि ते जपायचं असतं हे माहीत असल्यामुळे इमानदारीत त्याचाही पुश टाकला. आता स्टॅक ८ ने तिरका. पुढच्या रिलीज बिल्डला क्रॅश, तोही माझ्या कोडमध्ये नाही, लॉगिंग फंक्शनच्या आत, स्ट्रिंग बनवताना, एका मूव्हएपीएसवर. मूव्हएपीएसला १६ च्या पटीतला अॅड्रेस लागतो आणि कंपायलरने स्टॅक सरळ आहे असं गृहीत धरून ते वापरलं होतं. डीबग बिल्डमध्ये ती इन्स्ट्रक्शनच नव्हती म्हणून तिथे क्रॅशही नाही. दोन दिवस मी लॉगर लिहिणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत बसलो होतो. तेव्हापासून क्रॅश मूव्हएपीएसवर आणि अॅड्रेस आरएसपीवरून काढलेला दिसला की मी आधी आरएसपीचा शेवटचा हेक्स आकडा बघतो, शून्य नसेल तर गुन्हेगार वरच्या कुठल्यातरी फ्रेममध्ये आहे.

दुसरी चूक जास्त वाईट कारण क्रॅश झालाच नाही. लिनक्सवर सगळे एक्सएमएम (फ्लोटसाठीचे) रजिस्टर बिनधास्त बिघडवता येतात, कॉल करणारा त्यांची आशा सोडूनच असतो. विंडोजवर एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ जपून परत द्यावे लागतात. मी लिनक्सचा लूप विंडोजला नेताना आर्ग्युमेंटची रजिस्टर बदलली, ३२ बाइटची शॅडो स्पेस (कॉल करणाऱ्याने स्टॅकवर राखायची जागा) वगैरे वाचून काढलं, आणि लूप मात्र एक्सएमएम६ आणि ७ वापरतच राहिला. बाहेरच्या सी++ कोडने आवाजाची पातळी एक्सएमएम६ मध्ये ठेवलेली, ती आम्ही पुसली. परिणाम काय, तर कधी कधी आवाज थोडा कमी यायचा. फक्त ऑप्टिमाइझ्ड बिल्डमध्ये, फक्त एका ठिकाणाहून कॉल केल्यावर. विंडोजवर आरडीआय आणि आरएसआय पण जपायचे असतात, लिनक्सवर तीच दोन उधळायची असतात, हेही लक्षात असू द्या. बाकी आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ दोन्हीकडे जपायचे. आणि एव्हीएक्सचे २५६ बिटचे रजिस्टर वापरले तर परत जाताना व्हीझीरोअपर घाला, नाहीतर त्यानंतर येणारा जुना एसएसई कोड काही प्रोसेसरवर चांगलाच रेंगाळतो आणि दोष तुमच्यावर न येता दुसऱ्यावर येतो.

एक्सेप्शन. असेंब्लीच्या आतून सी++ फंक्शनला कॉल केलात आणि त्याने एक्सेप्शन फेकलं तर ते तुमच्या फ्रेममधून वर जायला बघणार, आणि त्यासाठी अनवाइंडची (स्टॅक मागे कसा उलगडायचा याची) माहिती लागते. लिनक्सवर ती सीएफआय डायरेक्टिव्हने द्यायची, विंडोजवर प्रोक फ्रेम आणि त्याचे भाऊबंद. दिली नाही तर लिनक्सवर सरळ टर्मिनेट. माझा उपाय आळशी आहे, असेंब्ली कोणालाच कॉल करत नाही. नॅन सापडला तर रिटर्न व्हॅल्यूत सांगते आणि बोंब मारायचं काम सी++ करतं. त्यामुळे डिक्लेरेशनला नोएक्सेप्ट लावता येतं आणि वरचा स्टॅक अलाइनमेंटचा प्रश्नही मुळातून जातो. सीएफआय तरीही लिहावं, प्रोफायलर आणि डीबगरला बॅकट्रेस नीट दिसतो. जीएनयू असेंब्लर वापरत असाल तर फाइलच्या शेवटी नोट-जीएनयू-स्टॅक हे रिकामं सेक्शनही टाका, नाहीतर लिंकर समजतो या फाइलला एक्झिक्युटेबल स्टॅक हवा आहे, आणि एका फाइलपायी अख्ख्या प्रोग्रॅमला तो देऊन टाकतो. बायन्यूटिल्स (जीएनयूचा असेंब्लर-लिंकर संच) २.३९ पासून निदान वॉर्निंग तरी येते.

कुठल्या सीपीयूवर कुठलं रूटीन, हे ठरवायला मात्र ऑब्जेक्ट ओरिएंटेड बाजू खरंच कामाची आहे. एसएसई२ आणि एव्हीएक्स२ असे दोन डिराइव्ह्ड क्लास करून फॅक्टरीतून योग्य तो द्या, किंवा क्लासमध्ये एक फंक्शन पॉइंटर ठेवून कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच भरा. मला दुसरं आवडतं, कारण डेव्ह१डी सारख्या व्हिडिओ डीकोडरमध्ये हेच चालतं, स्ट्रक्टमध्ये फंक्शन पॉइंटर, आधी सी चे भरायचे, मग सीपीयू बघून असेंब्लीचे वरून लिहायचे. एव्हीएक्स२ तपासताना नुसता सीपीयूआयडीचा बिट बघू नका, ऑपरेटिंग सिस्टीम ते मोठे रजिस्टर जपते का हेही बघावं लागतं, एक्सगेटबीव्हीने. जीसीसीचं बिल्टइन हे दोन्ही करतं.

इथेच इन्ट्रिन्सिक्सवाल्यांसाठी एक सापळा आहे. एक सी++ फाइल एव्हीएक्स२ फ्लॅगने कंपाइल केली आणि त्यात व्हेक्टरचा हेडर घेतला, तर व्हेक्टरच्या टेम्प्लेट फंक्शनची एव्हीएक्स२ वाली प्रत तयार होते. बाकीच्या फाइलमध्ये साध्या प्रती असतात, लिंकर त्यातली कुठलीही एक ठेवतो. ठेवली एव्हीएक्स२ वाली, की जुन्या सीपीयूवर तुमचा फिल्टर चालायच्या आधीच, भलत्याच कोपऱ्यात इल्लीगल इन्स्ट्रक्शन. स्वतंत्र असेंब्ली फाइलमध्ये टेम्प्लेट नाहीत म्हणून हा प्रकार होत नाही, असेंब्लीच्या बाजूने बोलण्यासारखं हे एक खरं कारण आहे.

टेस्ट करताना साधं सी++ व्हर्जन कधीच डिलीट करू नका, तेच तुमचं मोजमाप. लांबी ०, १, ७, ८, ९ अशा अडनिड्या द्या, बफरच्या पुढे-मागे ओळखीचे बाइट ठेवून ते शाबूत आहेत का बघा, आणि जपायच्या रजिस्टरमध्ये कॉलच्या आधी ठरावीक आकडे भरून नंतर तपासा. एफएफएमपेगमध्ये चेकएएसएम नावाचा प्रकार आहे तो नेमकं हेच करतो, माझा एक्सएमएम६ चा बग त्याने पहिल्याच दिवशी पकडला असता. उत्तरं बिट टू बिट जुळवायला जाऊ नका, एफएमए (गुणाकार आणि बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये) आणि बेरजेचा क्रम यामुळे शेवटचे बिट हलतात, थोडी टॉलरन्स ठेवा.

ज्यांना खरोखरच ऑब्जेक्टच्या आत हात घालायचा आहे, म्हणजे जिट कंपायलर (प्रोग्रॅम चालू असतानाच मशीन कोड बनवणारे), दोन भाषा जोडणारा ब्रिज कोड वगैरे, त्यांची गोष्ट वेगळी. ऑब्जेक्टिव्ह सी मधलं मेसेज पाठवणारं ओबीजेसी-एमएसजीसेंड असेंब्लीतच आहे, कारण कुठल्याही टाइपचे कितीही आर्ग्युमेंट न हलवता खऱ्या मेथडवर उडी मारणं सी मध्ये लिहिताच येत नाही. तसं करायची वेळ आली तर ऑफसेट हाताने टाइप करू नका. हवे ते मेंबर एका साध्या, व्हर्च्युअल नसलेल्या स्ट्रक्टमध्ये काढा, तो स्टँडर्ड लेआउट आहे असा स्टॅटिक असर्ट लावा आणि ऑफसेटऑफने निघालेले आकडे बिल्डच्या वेळी फाइलमध्ये छापून असेंब्लीत घ्या, लिनक्स कर्नल एएसएम-ऑफसेट्स नावाच्या फाइलमधून अगदी असंच करतं. व्हर्च्युअल फंक्शन असेंब्लीतून बोलवायचं तर दिसच्या पहिल्या ८ बाइटमधून टेबलचा पत्ता घ्यायचा आणि त्यातल्या क्रमांकाच्या जागी उडी, दिसायला दोनच ओळी. पण व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर इटानियमच्या टेबलात दोन जागा घेतो आणि मायक्रोसॉफ्टच्या टेबलात एक, म्हणजे डिस्ट्रक्टर वर लिहिलेला असेल तर त्याखालच्या सगळ्या फंक्शनचे क्रमांक दोन प्लॅटफॉर्मवर वेगळे. त्यापेक्षा एक फ्री फंक्शन लिहा जे सी++ मध्ये व्हर्च्युअल कॉल करतं, आणि असेंब्लीला त्याचा पत्ता द्या.

एआरएमबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, तिथे जरा सोपं आहे. पहिले आठ आर्ग्युमेंट एक्स० ते एक्स७, आणि मोठ्या स्ट्रक्टच्या रिटर्नचा पॉइंटर एक्स८ मध्ये वेगळा जातो, म्हणून लिनक्स आणि मॅकवर दिस सरकत नाही. जपायचे एक्स१९ ते एक्स२८, शिवाय फ्रेम पॉइंटर एक्स२९ आणि रिटर्न अॅड्रेसचा एक्स३०, आणि व्ही८ ते व्ही१५ चे फक्त खालचे ६४ बिट. एक्स१८ ला मॅक आणि विंडोजवर हातच लावू नका, तो सिस्टीमचा आहे. आणि मॅकवर एक्स्टर्न सी च्या नावाआधीही एक अंडरस्कोर लागतो, तेवढ्यासाठी असेंब्लीत एक मॅक्रो करून ठेवा.